नेलपॉलिश रिमूव्हर

नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे नखांवर लावलेल्या रंगाचा पातळ पापुद्रा विरघळवून पुसून काढण्यासाठी वापरला जाणारा सेंद्रिय विद्रावक किंवा अशा विद्रावकांचे मिश्रण होय. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रिमूव्हरांत ॲसिटोन किंवा एथिल ॲसिटेट हा मुख्य घटक असतो. त्यांच्या जोडीला थोडे पाणी, त्वचेचा कोरडेपणा कमी करणारे एरंडेल किंवा ग्लिसरीन, सुगंधी द्रव्य आणि रंग मिसळलेले असतात. मराठीत 'नखरंग-निष्कासक' असा प्रतिशब्द घडविता येतो; परंतु व्यवहारात तो कोणी वापरत नाही, म्हणून या लेखात रूढ नावच स्वीकारले आहे. नेलपॉलिशसाठी मात्र 'नखरंग' हा सुटसुटीत शब्द पुढे वापरला आहे.

रिमूव्हर नखरंगाला 'खातो' किंवा 'जाळतो' असे बोलताना म्हटले जाते. ही समजूत चुकीची आहे. नखरंग निघताना कोणतीही रासायनिक अभिक्रिया घडत नाही. कोणताही रासायनिक बंध तुटत नाही आणि नवा पदार्थ तयार होत नाही. साखर पाण्यात विरघळावी त्याच जातीची ही भौतिक क्रिया आहे. साधा नखरंग क्षणात का निघतो, जेल नखरंगाला पाव तास का लागतो, नखावरची मेंदी मुळीच का निघत नाही आणि चष्म्याची चौकट मात्र का बिघडते, या सर्व प्रश्नांची उत्तरे या एका गोष्टीतून मिळतात.

नखरंगाची घडण

रिमूव्हरचे कार्य समजण्यासाठी आधी नखरंग कसा बनतो हे पाहणे आवश्यक आहे. पारंपरिक नखरंगातील पापुद्रा तयार करणारा मुख्य पदार्थ नायट्रोसेल्युलोज हा आहे. कापूस किंवा लाकडाचा लगदा यांतील सेल्युलोजवर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया करून तो मिळवितात. त्यात नायट्रोजनाचे प्रमाण किती आहे यावर त्याचा उपयोग ठरतो. सुमारे ११ ते १२ टक्के नायट्रोजन असलेला प्रकार रंग व लाखेसारख्या लेपांसाठी वापरतात, १२.५ टक्क्यांहून अधिक नायट्रोजन असलेला प्रकार 'गनकॉटन' या नावाने स्फोटक म्हणून ओळखला जातो. नखावर चमकणारा लेप आणि तोफेतील दारू हे अशा प्रकारे एकाच कुळातील पदार्थ आहेत.

केवळ नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा ठिसूळ असतो. म्हणून त्यात नखाला चिकटून राहण्यासाठी रेझीन आणि लवचीकपणा येण्यासाठी प्लॅस्टिसायझर घालतात. कापूर हा जुन्या प्लॅस्टिसायझरांपैकी एक आहे. रंगासाठी खनिज अथवा सेंद्रिय रंगद्रव्ये असतात, आणि हे सर्व एथिल ॲसिटेट व ब्युटिल ॲसिटेट यांसारख्या विद्रावकांत विरघळविलेले किंवा मिसळलेले असते.

नखावर कुंचला फिरविल्यानंतर हे विद्रावक उडून जातात आणि घन पदार्थ मागे उरतात. नखरंग 'वाळतो' याचा अर्थ एवढाच. दारे-खिडक्यांना लावलेला तेलरंग हवेतील ऑक्सिजनाशी अभिक्रिया करून घट्ट होतो, सिमेंट पाण्याशी अभिक्रिया करून घट्ट होते. नखरंगाच्या बाबतीत असे काहीच होत नाही. जो विद्रावक गेला तो परत आणून दिला की पापुद्रा पुन्हा द्रावणात जातो. रिमूव्हर हा अशा रीतीने नखरंगाच्या वाळण्याची उलट वाट आहे.

विरघळण्याची क्रिया

नायट्रोसेल्युलोज हे बहुवारिक आहे, म्हणजे त्याचे रेणू लांबलचक साखळ्यांच्या रूपात असतात. वाळलेल्या पापुद्र्यात या साखळ्या उकडलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. परंतु एक साखळी दुसरीला रासायनिक बंधाने जोडलेली नसते. त्यांना एकत्र धरून ठेवणारी आकर्षणे तुलनेने दुर्बळ असतात. ॲसिटोनचे लहान रेणू या साखळ्यांमध्ये शिरतात, पापुद्रा प्रथम फुगतो व मऊ होतो, आणि नंतर साखळ्या एकमेकींपासून सुटून द्रवात पसरतात. रंगद्रव्याचे कण स्वतः विरघळत नाहीत. त्यांना धरून ठेवणारा पापुद्राच गेल्यामुळे ते कापसाबरोबर निघून येतात.

कोणता द्रव हे काम करू शकेल हे 'समानास समान विरघळविते' या नियमाने ढोबळमानाने सांगता येते. नायट्रोसेल्युलोजच्या साखळीवर ध्रुवीय नायट्रेट गट असतात. ॲसिटोनच्या रेणूतील कार्बोनिल गटाचा ऑक्सिजनही चांगला ध्रुवीय असतो, त्यामुळे दोहोंचे जमते. खोबरेल तेल किंवा रॉकेल अध्रुवीय असल्याने निरुपयोगी ठरते. पाणी तर ॲसिटोनहूनही जोरदार आकर्षणांचा द्रव आहे. पण त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की नायट्रोसेल्युलोजच्या साखळ्यांना त्यांच्यात जागा मिळत नाही. रसायनशास्त्रज्ञ यासाठी विद्राव्यता-प्राचल नावाची संख्या वापरतात. मेगापास्कलच्या वर्गमुळाच्या एककात ही संख्या ॲसिटोनसाठी सुमारे २०, एथिल ॲसिटेटसाठी सुमारे १८ आणि पाण्यासाठी सुमारे ४८ आहे. नायट्रोसेल्युलोजची संख्या ॲसिटोनच्या जवळपास येते. मात्र हा नियम तंतोतंत पाळला जात नाही. शुद्ध अल्कोहोलमध्ये लेपांसाठीचे नायट्रोसेल्युलोज सहसा नीट विरघळत नाही, ईथरमध्येही नाही. पण दोहोंच्या मिश्रणात ते विरघळते. जखमेवर लावण्याचे जुने 'कोलोडियन' याच मिश्रणातून बनवीत.

ही क्रिया भौतिक आहे याची खात्री सोप्या प्रयोगाने करून घेता येते. रिमूव्हरमध्ये विरघळलेल्या नखरंगाचा थेंब काचपट्टीवर ठेवून उघड्यावर वाळू दिला की पुन्हा रंगीत पापुद्रा तयार होतो. तोच थेंब पाण्यात टाकला तर नायट्रोसेल्युलोज लगेच चोथ्यासारखे वेगळे होते, कारण ॲसिटोन पाण्यात मिसळून जाते आणि साखळ्यांना आधार देणारा विद्रावक उरत नाही. अभिक्रिया होऊन पदार्थ बदलला असता तर तो असा परत मिळाला नसता. थर्मोकोलचा तुकडा ॲसिटोनमध्ये बुडविला की तो दिसेनासा होतो, हा प्रयोगही शाळांतून दाखविला जातो. तेथेही पॉलिस्टायरीन नष्ट होत नाही. फुगवलेल्या थर्मोकोलमध्ये बहुतांश हवाच असते, ती निसटते आणि चिकट गोळा तेवढा तळाशी उरतो. हे प्रयोग मोकळ्या हवेत, जवळपास ज्योत नसताना आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावयाचे आहेत.

रिमूव्हर वापरताना रंग नखाभोवतीच्या कातडीवर फासला जातो, ही नेहमीची तक्रार आहे. तिचे कारण असे की ॲसिटोन फार लवकर उडून जाते. कापूस घाईने घासला तर अर्धवट विरघळलेला रंग विद्रावक उडाल्याने जागच्या जागी पुन्हा वाळतो. भिजविलेला कापूस काही सेकंद नखावर दाबून धरावा आणि मग एकाच दिशेने, टोकाकडे ओढून पुसावा. चमकी असलेला नखरंग हट्टी असतो, कारण त्यातील चमकी बहुधा पॉलिएस्टरच्या फितीचे कण असतात आणि ते ॲसिटोनमध्ये विरघळत नाहीत. ते खरवडूनच काढावे लागतात.

ॲसिटोन

ॲसिटोन हे सर्वांत साधे कीटोन असून त्याचे रासायनिक नाव प्रोपेनोन व रेणुसूत्र C३H६O असे लिहिण्याऐवजी शब्दांत सांगायचे तर त्याच्या रेणूत कार्बनाचे तीन, हायड्रोजनाचे सहा आणि ऑक्सिजनाचा एक अणू असतो. मधल्या कार्बनाला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असून दोन्ही बाजूंना एकेक मिथिल गट असतो. ते रंगहीन, पातळ आणि विशिष्ट गोडसर उग्र वासाचे असते. त्याचा रेणुभार ५८.०८, उत्कलनांक सुमारे ५६ अंश सेल्सिअस, गोठणबिंदू सुमारे उणे ९५ अंश सेल्सिअस आणि घनता पाण्याच्या सुमारे ७९ टक्के आहे. पाण्यात ते कोणत्याही प्रमाणात मिसळते.

ॲसिटोन लावताच बोट गार पडते. एक ग्रॅम ॲसिटोनचे बाष्प होण्यास ५०० ज्यूलांहून थोडी अधिक उष्णता लागते आणि ती त्वचेतून घेतली जाते. पाण्याला एका ग्रॅममागे याच्या चौपटीहून अधिक उष्णता लागते. तरीही ॲसिटोनचा गारवा अधिक जाणवतो, कारण ते पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने उडते.

आज जगातील बहुतेक ॲसिटोन क्युमीन प्रक्रियेने मिळते. बेंझीन व प्रोपिलीन यांपासून क्युमीन बनवून त्याचे हवेने ऑक्सिडीकरण करतात आणि त्यापासून फिनॉल व ॲसिटोन एकाच वेळी मिळवितात. एक टन फिनॉलमागे सुमारे ०.६ टन ॲसिटोन तयार होते. त्यामुळे ॲसिटोनचा पुरवठा त्याच्या स्वतःच्या मागणीपेक्षा फिनॉलच्या मागणीवर अधिक अवलंबून असतो. भारतात हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची सुरुवात रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे झाली. तिचा फिनॉल व ॲसिटोनचा प्रकल्प मात्र केरळात कोचीजवळ आहे. गुजरातमधील दहेज येथे २०१८ साली दीपक फिनॉलिक्सचा मोठा प्रकल्प सुरू झाला. नखरंग काढण्यासाठी लागणारे ॲसिटोन हा एकूण उत्पादनाचा अगदी किरकोळ भाग आहे; बहुतेक ॲसिटोन ॲक्रिलिक प्लॅस्टिकचा कच्चा माल, बिस्फिनॉल-ए आणि औद्योगिक विद्रावक म्हणून खपते. अमली पदार्थांच्या निर्मितीतही त्याचा गैरवापर होत असल्याने १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील दुसऱ्या तक्त्यात त्याचा समावेश आहे.

ॲसिटोनविरहित रिमूव्हर

'ॲसिटोन नाही' असे ठळकपणे छापलेल्या बाटलीत बहुधा एथिल ॲसिटेट असते. हे एथिल अल्कोहोल व ॲसिटिक आम्ल यांचे एस्टर असून त्याला पिकल्या फळासारखा वास असतो. अल्प प्रमाणात ते फळांत व वाइनमध्ये नैसर्गिकरीत्याही आढळते. त्याचा उत्कलनांक सुमारे ७७ अंश सेल्सिअस असल्याने ते ॲसिटोनपेक्षा सावकाश उडते. नखरंगाच्या बाटलीतील मूळ विद्रावकांपैकी ते एक असल्याने नखरंग त्यात विरघळणे स्वाभाविकच आहे, फक्त त्याला थोडा अधिक वेळ लागतो.

ॲसिटोनविरहित म्हणजे निर्धोक, हा समज जाहिरातींनी दृढ केला आहे. तो खरा नाही. एथिल ॲसिटेटही अतिज्वलनशील आहे, तेही त्वचेतील स्निग्धांश काढून घेते, आणि अमेरिकेतील कामगार-सुरक्षा नियमांत आठ तासांच्या सरासरीसाठी हवेतील कमाल मर्यादा ॲसिटोनकरिता दशलक्षात १,००० भाग असताना एथिल ॲसिटेटकरिता ४०० भाग इतकी कमी ठेवलेली आहे. 'अमुक नाही' या शब्दांवरून बाटलीत काय आहे ते कळत नाही. ते मागील बाजूच्या बारीक अक्षरांतील घटकांच्या यादीवरून कळते.

दोन द्रवांतील फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे. ॲसिटोन पाण्यात पूर्णपणे मिसळते. एथिल ॲसिटेट १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ८ ग्रॅम एवढेच विरघळते, त्यामुळे दोन्ही समप्रमाणात घेऊन हलविल्यास थोड्या वेळाने त्याचा थर वर तरंगतो. तयार रिमूव्हरमध्ये इतर घटक मिसळलेले असल्याने ही खूण प्रत्येक वेळी स्पष्ट दिसेलच असे नाही.

प्रोपिलीन कार्बोनेट आणि काही द्विआम्लांची मिथिल एस्टरे वापरून केलेले रिमूव्हरही मिळतात. प्रोपिलीन कार्बोनेटचा उत्कलनांक २४० अंश सेल्सिअसच्या वर असल्याने ते फारसे उडत नाही, वास जवळजवळ येत नाही आणि आगीचा धोका पुष्कळच कमी असतो. पण काम अतिशय संथ चालते. काही देशांत गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन वापरलेले रिमूव्हर विकले जात असत. हे संयुग शरीरात गेल्यावर गुंगी आणणाऱ्या जीएचबी या द्रव्यात रूपांतरित होते, म्हणून अनेक ठिकाणी त्यावर निर्बंध आले आहेत.

इतिहास

शिसे ॲसिटेट तापवून ॲसिटोन मिळविण्याची कृती युरोपातील किमयागारांना ठाऊक होती. त्याचे रासायनिक सूत्र १८३२ च्या सुमारास झाँ-बातिस्त द्यूमा व युस्टुस फोन लीबिख यांनी निश्चित केले. नायट्रोसेल्युलोजचा शोध १८४६ साली बाझेल येथील ख्रिश्चन शोनबाइन यांच्या नावावर आहे. ॲसिटोन आणि नायट्रोसेल्युलोज ही जोडी सौंदर्यप्रसाधनांसाठी जुळलेली नाही. ती जुळली युद्धासाठी. ब्रिटिश सैन्याच्या तोफा-बंदुकांत वापरली जाणारी 'कॉर्डाइट' ही धूरविरहित दारू करताना नायट्रोसेल्युलोज व नायट्रोग्लिसरीन यांचा ॲसिटोनच्या साहाय्याने लगदा करून त्याच्या दोऱ्या काढीत. पुढे ॲसिटोन उडून जाई आणि दोरी घट्ट होई. नखरंग वाळतो तीच ही क्रिया.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनला ॲसिटोनचा तीव्र तुटवडा भासला. तोवर ते लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळत असे आणि त्यासाठी प्रचंड लाकूड लागे. मँचेस्टर येथे अध्यापन करणाऱ्या खाइम वाइझमान यांनी एका जीवाणूच्या साहाय्याने स्टार्चचे किण्वन करून ॲसिटोन, ब्युटिल अल्कोहोल व एथिल अल्कोहोल मिळविण्याची पद्धत विकसित केली होती. ती मोठ्या प्रमाणावर अमलात आणली गेली. कच्चा माल म्हणून मका वापरीत. १९१७ मध्ये धान्याची टंचाई झाली तेव्हा ब्रिटनमधील शाळकरी मुलांना घोडा-चेस्टनटच्या बिया गोळा करण्यास सांगण्यात आले. बिया कशासाठी हव्या आहेत हे त्यांना सांगितले नव्हते. या बियांपासून मिळालेले उत्पादन निराशाजनक ठरले. हेच वाइझमान १९४९ साली इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

या किण्वनात तीन भाग ॲसिटोनमागे सुमारे सहा भाग ब्युटिल अल्कोहोल मिळत असे आणि युद्धकाळात ते जवळपास टाकाऊ होते. युद्ध संपल्यावर पारडे फिरले. दारूसाठी उभारलेल्या कारखान्यांतील नायट्रोसेल्युलोजचा उपयोग मोटारींसाठी झटपट वाळणारे रंग बनविण्यासाठी होऊ लागला आणि त्या रंगांना विद्रावक म्हणून ब्युटिल ॲसिटेट हवे होते. १९२० च्या दशकात अमेरिकेत हे मोटारींचे रंग लोकप्रिय झाले आणि त्याच तंत्रातून आजचा चकचकीत नखरंग आला. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या रेव्हलॉन कंपनीने अपारदर्शक, गडद छटांचे नखरंग प्रचारात आणले. नखरंगातील ब्युटिल ॲसिटेट आणि रिमूव्हरमधील ॲसिटोन यांच्या मागे अशा रीतीने किण्वनाचे एकच पिंप उभे आहे.

नायट्रोसेल्युलोजचे आणखी एक रूप महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. दादासाहेब फाळके यांच्या काळातील चित्रपटांच्या फिती याच पदार्थाच्या असत. तो सावकाश विघटन पावतो आणि पेटल्यास विझविणे अवघड असते. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील नायट्रेट फितींचा मोठा ठेवा नष्ट झाला.

जेल नखरंग, मेंदी आणि मतदानाची शाई

जेल नखरंग वाळत नाही. तो घट्ट 'होतो'. त्यात ॲक्रिलेट वर्गातील लहान रेणू असतात. अतिनील किंवा निळसर-जांभळ्या प्रकाशाच्या दिव्याखाली हात धरला की प्रकाशाने सक्रिय होणारा घटक अभिक्रिया सुरू करतो आणि हे रेणू एकमेकांना सहसंयुज बंधांनी जोडले जाऊन त्यांचे जाळे तयार होते. सुट्या शेवया आणि विणलेली टोपली यांत जो फरक, तोच येथे आहे. ॲसिटोन या जाळ्यात शिरू शकते, त्याला फुगवू शकते. परंतु त्याचे बंध तोडू शकत नाही, म्हणून जाळे विरघळत नाही. फुगलेला थर नखावरून सैल सुटतो आणि हलकेच ढकलून काढता येतो. त्यासाठी वरचा चकचकीत थर कानशीने किंचित घासून, ॲसिटोनमध्ये भिजविलेला कापूस नखावर ठेवून, वरून ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळून १० ते १५ मिनिटे थांबावे लागते. एथिल ॲसिटेटचा येथे फारसा उपयोग होत नाही. न फुगलेला थर जबरदस्तीने उपटल्यास त्याच्याबरोबर नखाचेही पदर निघतात. जेलमुळे नखे पातळ झाली अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा या घाईत असते.

नखावर चढलेली मेंदी कितीही ॲसिटोन चोळले तरी निघत नाही. मेंदीतील लॉसोन हा रंगघटक नखातील केराटिन या प्रथिनाशी रासायनिक बंधाने जोडला जातो. वर वेगळा पापुद्रा नसतोच, नखच रंगलेले असते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणून ते पूर्ण बदलण्यास सहाएक महिने लागतात; मेंदी तेवढ्या काळात टोकाकडे सरकत जाते आणि कापली जाते.

भारतात निवडणुकीच्या वेळी बोटाला लावली जाणारी शाई याच प्रकारात मोडते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात असलेल्या या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. त्वचेवरील क्षाराशी त्याची अभिक्रिया होऊन सिल्व्हर क्लोराइड तयार होते आणि प्रकाशात त्यापासून चांदीचे काळपट सूक्ष्म कण मोकळे होतात. हे कण पाण्यात, साबणात किंवा ॲसिटोनमध्ये विरघळत नाहीत. ओली शाई सुकण्याआधीच पुसली तर गोष्ट निराळी.

याउलट काही वस्तू नको असताना विरघळतात. सेल्युलोज ॲसिटेटची चष्म्याची चौकट, ॲसिटेट रेयॉनचे कापड, पॉलिस्टायरीन व एबीएस प्लॅस्टिकची खेळणी, ॲक्रिलिकचे पृष्ठभाग आणि लाकडी सामानावरील नायट्रोसेल्युलोजचे लाखसदृश पॉलिश यांवर रिमूव्हर सांडल्यास कायमचा डाग पडतो. पॉलिथिलीन व पॉलिप्रोपिलीन यांवर ॲसिटोनचा परिणाम होत नाही, म्हणून रिमूव्हरच्या बाटल्या व झाकणे त्यांची असतात. उरलेला रिमूव्हर दुसऱ्या कोणत्याही डबीत काढून ठेवू नये, याचे हे एक कारण आहे.

शरीरावरील परिणाम

नखाचे केराटिन गंधकाच्या बंधांनी आडवे-उभे जोडलेले असल्याने ॲसिटोनमध्ये विरघळत नाही. मात्र नखातील व भोवतीच्या त्वचेतील स्निग्धांश आणि ओलावा त्याने कमी होतो. रिमूव्हर वापरल्यावर नखांवर दिसणारी पांढुरकी छटा या कोरडेपणाची असते. ती रंग उरल्याची किंवा रोगाची खूण नव्हे. वारंवार वापराने नखे ठिसूळ होतात व टोकाशी पदर सुटतात. वापरानंतर हात धुऊन तेल किंवा मलम लावणे पुरेसे असते. डोळ्यांत गेल्यास वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुऊन डॉक्टरांस दाखवावे.

ॲसिटोन शरीराला परके नाही. उपवासात अथवा इन्सुलिनच्या अभावी शरीर चरबीवर चालू लागते तेव्हा यकृतात कीटोन द्रव्ये तयार होतात आणि त्यांतील ॲसिटोॲसिटिक आम्लापासून ॲसिटोन सुटून श्वासावाटे बाहेर पडते. मधुमेही व्यक्तीच्या श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येत असेल आणि त्याबरोबर उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल, तर ते कीटोॲसिडोसिस या जीवघेण्या अवस्थेचे लक्षण असू शकते. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठणे आवश्यक असते. लहान मुलांत मधुमेहाचे निदान पुष्कळदा या अवस्थेतच प्रथम होते, म्हणून हा वास घरातील मोठ्यांना ओळखता आला पाहिजे.

बंद खोलीत फार बाष्प श्वासात गेल्यास डोके दुखणे, गरगरणे, घशाची जळजळ असे त्रास होतात. अधिक प्रमाणात पोटात गेल्यास गुंगी येते व शुद्ध हरपू शकते. मुलाने रिमूव्हर प्यायल्याचे लक्षात आल्यास उलटी करवू नये. द्रव श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बाटली बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे. बाटली नेण्यास फार महत्त्व आहे, कारण उपचार घटकांवर अवलंबून असतो आणि एका घटकाच्या बाबतीत तर जीवनमरणाचा फरक पडतो.

तो घटक म्हणजे ॲसिटोनायट्राइल. कृत्रिम नखे चिकटविण्याचा गोंद सोडविण्यासाठी हा विद्रावक पूर्वी वापरला जाई. नाव ॲसिटोनसारखे असले तरी दोहोंचा संबंध नाही. यकृतातील विकरे त्याचे हळूहळू विघटन करतात आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड मुक्त होते. हे विघटन संथ असल्याने मूल पहिले काही तास ठणठणीत दिसते आणि लक्षणे उशिरा, अचानक प्रकट होतात. १९८८ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन मुलांची प्रकरणे प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १६ महिन्यांचे एक मूल दगावले होते. या बाटलीत साधा नेलपॉलिश रिमूव्हर असावा असे समजून धोका किरकोळ मानला गेला होता. पुढे अमेरिकेत अशा द्रवांना मुलांना न उघडता येणारी झाकणे सक्तीची झाली आणि युरोपीय संघाने २००० साली सौंदर्यप्रसाधनांत ॲसिटोनायट्राइलच्या वापरावर बंदी घातली. जुनी किंवा नाव नसलेली बाटली घरात आढळल्यास ती वापरू नये.

आगीचा धोका

घरगुती वापरात रिमूव्हरचा सर्वांत मोठा धोका विषबाधेचा नसून आगीचा आहे. ज्या तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावरील बाष्प ठिणगीने पेटू शकते त्यास प्रज्वलनांक म्हणतात. ॲसिटोनचा प्रज्वलनांक सुमारे उणे २० अंश सेल्सिअस, तर एथिल ॲसिटेटचा सुमारे उणे ४ अंश सेल्सिअस आहे. याचा अर्थ, महाराष्ट्रातील कोणत्याही ऋतूत, कोणत्याही गावी, उघडी बाटली पेटण्याजोगे बाष्प सोडतच असते. हवेत ॲसिटोनचे बाष्प साधारण २.५ ते १३ टक्के असताना मिश्रण पेट घेते. हे बाष्प हवेच्या दुप्पट जड असल्याने वर न जाता टेबलावरून, जमिनीवरून पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. गॅसची शेगडी, देवघरातील समई, निरांजन, उदबत्ती, पेटती सिगारेट यांपैकी काहीही त्यास पुरते. सणासुदीला नखरंग बदलण्याची घाई आणि घरात पेटलेले दिवे एकाच वेळी असतात, तेव्हा विशेष जपले पाहिजे. हात ओला असतानाच स्वयंपाकघरात जाऊ नये.

कापूस किंवा लहान वाटीतील द्रव पेटल्यास झाकण किंवा ओले जाड कापड टाकून हवा तोडावी. पाण्याचा जोराचा मारा केल्यास पेटता द्रव पसरतो.

बाटली घट्ट बंद करून, उन्हापासून व मुलांच्या हातापासून दूर ठेवावी. न्हाणीघरातील क्लोरीनयुक्त ब्लीचशी तिचा संपर्क होऊ देऊ नये, कारण ॲसिटोन व हायपोक्लोराइट यांच्या अभिक्रियेतून क्लोरोफॉर्मसारखी विषारी संयुगे तयार होतात. उरलेला द्रव मोरीत ओतू नये. वापरलेला कापूस घराबाहेर, ज्योतीपासून दूर, पूर्ण सुकू द्यावा आणि मगच कचऱ्यात टाकावा.